परदेशात राहून कोल्हापूरचं लायसन्स रिन्यू करायचं तर

प्रश्न असा आलाय: "मी मूळचा राजारामपुरीचा, वय ४१. गेले चौदा महिने जर्मनीत श्टुटगार्टला नोकरीला आहे. लायसन्स कोल्हापूर आरटीओचं, येत्या मार्चमध्ये संपतंय. आईवडील कोल्हापुरातच असतात. वकिलातीतून रिन्यू होतं का? वडिलांनी माझ्या वतीनं अर्ज दिला तर चालेल का? एक एजंट म्हणतोय, तुम्ही यायची गरज नाही, सगळं करून कार्ड घरपोच देतो. त्याला काम द्यावं का?"

मी कोल्हापुरात ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, लायसन्सची कामं रोजची आहेत. दिवाळी-नाताळाच्या तोंडावर परदेशातल्या मुलांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे असे फोन हमखास येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्तर. वकिलातीत लायसन्स रिन्यू होत नाही. वडील तुमच्या जागी उभे राहू शकत नाहीत. एजंटाला काम देऊ नका. डिसेंबरात सुट्टी काढून घरी या, त्या एका फेरीत हे काम व्यवस्थित बसतं.

पण तुम्ही न विचारलेली एक गोष्ट त्याहून तातडीची आहे. तुम्हाला जर्मनीत चौदा महिने झालेत. युरोपियन युनियनच्या बाहेरच्या देशाचं लायसन्स घेऊन जर्मनीत राहायला गेलेल्या माणसाला त्या लायसन्सवर पहिले सहा महिनेच गाडी चालवता येते. मुक्काम वर्षाच्या आतच संपणार असेल तर अर्ज करून ती सवलत वाढवून मिळते, पण तुमचं तर वर्षही उलटून गेलं. म्हणजे खिशातलं भारतीय लायसन्स मार्चपर्यंत चालू असलं तरी जर्मनीच्या रस्त्यावर तुम्ही आज बिनलायसनचे आहात. तिथं हा नुसता दंडाचा मामला नाही, फौजदारी गुन्हा आहे आणि त्यात कैदेचीही तरतूद आहे. शिवाय तुम्ही तिथं परवान्यावर राहणारे परदेशी आहात, असला गुन्हा नोंद झाला तर पुढं राहण्याचा परवाना वाढवताना तो आडवा येऊ शकतो. इंटरनॅशनल परमिट जवळ असेल तरी उपयोग नाही, ते मूळ लायसन्सचं भाषांतर असल्यासारखं असतं, त्यानं सहा महिन्यांचे सात होत नाहीत. तेव्हा गाडी चालवत असाल तर कृपा करून आजपासून थांबा.

कोल्हापूरचं लायसन्स रिन्यू केल्यानं हा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी तिथलं लायसन्सच काढावं लागेल. ज्या देशांची लायसन्सं जर्मनी परीक्षेशिवाय बदलून देतं, त्या यादीत भारत नाही. लेखी आणि गाडी चालवण्याची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते. मात्र जवळ चालू भारतीय लायसन्स असलं तर नवशिक्याला सक्तीचे असलेले ड्रायव्हिंग स्कूलचे तास तुम्हाला लागू होत नाहीत, गरजेपुरते तास घेऊन परीक्षेला बसता येतं. नवशिक्याचा तिथला खर्च ऐकला असेल तर ही सवलत किती मोलाची आहे ते सांगायला नको. आणि ती टिकवायची तर भारतीय लायसन्स संपू देऊन चालणार नाही. तुमच्या बाबतीत मार्चची तारीख महत्त्वाची आहे ती यासाठी. गणपतीला गावात गाडी फिरवायची सोय हे दुसरं कारण.

म्हणून माझा सल्ला असा. डिसेंबरात येणं जमत असेल तर आधी इथं रिन्यू करा आणि नवं कार्ड घेऊन तिथं अर्ज करा. जमत नसेल तर मार्च उजाडायच्या आत, जुनं लायसन्स चालू असतानाच तिथल्या कार्यालयात अर्ज दाखल करून टाका. एक लक्षात ठेवा, जर्मन लायसन्स हातात देताना तिथलं कार्यालय भारतीय कार्ड जमा करून घेतं. त्याआधी कार्डाच्या दोन्ही बाजू नीट स्कॅन करून ठेवा आणि जमा केल्याची पोच लेखी मागून घ्या. ती पोच नसली की माणसं इथं येऊन "लायसन्स हरवलं" असं लिहून द्यायला निघतात. हरवलेलं नसताना तसं लिहून देणं खोटं आहे. कार्ड जर्मनीत जमा आहे असं खरं सांगून, पोच जोडून अधिकाऱ्याशी बोललं की मार्ग निघतो.

आता आपल्याकडच्या कायद्याकडं येऊ. यात परदेशी राहणाऱ्याच्या सोयीची एक तरतूद आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक असते. मोटार वाहन कायदा १९८८ चा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन्स संपण्याच्या तारखेच्या एक वर्ष आधीपासून ते संपल्यानंतर एक वर्षापर्यंत, अशा दोन वर्षांच्या पट्ट्यात कधीही रिन्युअलचा अर्ज करता येतो आणि चाचणी द्यावी लागत नाही. वर्षातून एकदा घरी येणाऱ्या माणसाची निदान एक फेरी या पट्ट्यात पडतेच. पूर्वी लोकांना महिनाभर आधीच रिन्युअल होतं असं वाटायचं, आणि अजूनही तोच समज घेऊन बरेचजण "अजून चार महिने आहेत, पुढच्या वेळी बघू" म्हणत परत जातात. पुढच्या वेळेपर्यंत लायसन्स संपलेलं असतं.

संपल्यानंतरचं एक वर्ष हे अर्ज करण्यासाठी आहे, गाडी चालवण्यासाठी नाही. आधीच्या कायद्यात मुदत संपल्यावरही ३० दिवस लायसन्स चालू धरलं जायचं, ती सवलत २०१९ मध्ये काढून टाकली. आता कार्डावरची तारीख संपली की दुसऱ्या दिवशी तुम्ही बिनलायसनचे. कायद्यात त्याला ५,००० रुपये दंड आहे आणि ज्यानं गाडी चालवायला दिली त्या मालकालाही तेवढाच. घरची गाडी बहुतेक वडिलांच्या नावावर असते, म्हणजे एका चुकीत दोघंही सापडतात.

दंड भरून माणूस मोकळा होतो, विम्याचं तसं नसतं. सुट्टीवर आलेला मुलगा वडिलांची गाडी काढतो, सगळ्यांना घेऊन जोतिबाला किंवा गगनबावड्याला निघतो. अपघात झाला आणि चालवणाऱ्याचं लायसन्स संपलेलं निघालं तर गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. समोरच्या जखमी माणसाला भरपाई मिळते. २००४ सालच्या स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं याबाबतचं धोरण घालून दिलंय, की अशा वेळी आधी कंपनीनं भरपाई द्यावी आणि मग गाडीमालकाकडून वसूल करावी. म्हणजे तो बोजा पेन्शनवर जगणाऱ्या वडिलांवर येतो. तेव्हा गावी आलात आणि कार्ड संपलेलं असेल तर रिन्युअल हातात येईपर्यंत चावीला हात लावू नका, घरचे कितीही म्हणोत.

रिन्यू केल्यावर किती वर्षं मिळतात हेही विचारलं जातं. तुमचं लायसन्स विशी-एकविशीत काढलेलं दिसतं, तेव्हा २० वर्षं किंवा वयाची पन्नाशी, यातलं जे आधी येईल तिथवर मिळायचं. आता नियम वेगळा आहे. तिशीच्या आत काढलं तर चाळिशीपर्यंत, ३० ते ५० च्या दरम्यान काढलं किंवा रिन्यू केलं तर १० वर्षं, ५० ते ५५ मध्ये असाल तर साठीपर्यंत आणि ५५ नंतर दर वेळी पाच वर्षं. तुम्हाला १० वर्षं मिळतील. ज्यांच्या जुन्या कार्डावर लांबची तारीख छापलेली आहे त्यांनी घाबरू नये, ती तारीख कायम आहे.

आता एजंट. तुमचं वय ४१ आहे आणि सगळी गाठ इथंच पडलीय. चाळिशीच्या आत असलेल्याला साध्या लायसन्सच्या रिन्युअलला प्रकृतीचं स्वतःचं घोषणापत्र पुरतं, म्हणजे फॉर्म १. चाळिशी ओलांडली की डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, फॉर्म १-अ. तो नोंदणीकृत डॉक्टरांनी माणसाला समोर बसवून, तपासून द्यायचा असतो. नजर, रंगांची ओळख, ऐकू येणं, हातापायांची हालचाल, फीट किंवा चक्कर येण्याचा त्रास, सगळं बघून खाली सही करायची असते. चष्मा लावून का होईना, चांगल्या उजेडात २५ मीटरवरच्या गाडीची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे.

तुम्ही श्टुटगार्टला असताना एजंट हा फॉर्म आणणार कुठून? एकच वाट आहे, न तपासता सही. म्हणजे तुमच्या नावानं एक खोटा कागद सरकारी नोंदीत जाणार आणि तो खोटा आहे याचा पुरावा तुमच्याच पासपोर्टवर असणार. प्रमाणपत्रावर तारीख आहे, पासपोर्टवर शिक्के आहेत. त्या दिवशी तुम्ही कोल्हापुरात नव्हता हे कुणालाही दोन मिनिटांत दाखवता येतं. एरवी कुणी बघणार नाही, हे खरं. पण अपघाताच्या खटल्यात विमा कंपनीचा वकील बघतो. परदेशातल्या कार्यालयाला शंका आली तर तेही बघतात. आणि तेव्हा एजंट कुठंच नसतो, अर्जावर नाव आणि सही तुमची असते.

सगळेच एजंट वाईट असतात असं मी म्हणत नाही. अर्ज भरून देणं, कागद स्कॅन करणं, स्लॉट बघणं यासाठी कुणी चार पैसे घेतले तर तो त्याचा धंदा आहे. पण "माणूस नसला तरी चालतंय" म्हणणाऱ्याच्या दारात जाऊ नका. दुसरी खूण म्हणजे "आधारचा ओटीपी तेवढा सांगा" अशी मागणी. तो ओटीपी म्हणजे तुमची सही आहे, तो आईवडिलांच्या फोनवर येत असेल तर त्यांनाही बजावून ठेवा. आणि किंमत ऐकून दबू नका. रिन्युअलची मूळ सरकारी फी २०० रुपये आहे, स्मार्ट कार्डाचे २०० वेगळे. उशीर लांबत गेला की वर्षामागं हजाराप्रमाणे जादा आकार चढतो, एवढंच.

आता अर्जाची रीत. ती सगळी परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवरून होते. राज्य महाराष्ट्र निवडायचं, लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकायची, रिन्युअल निवडायचं, कागद चढवायचे, फी भरायची. मार्च २०२१ मध्ये केंद्रानं लायसन्स आणि गाडीच्या कागदांच्या १८ सेवा आधारच्या ओळखीवर, कार्यालयात न जाता मिळतील असा आदेश काढला. चाचणी लागत नसलेलं रिन्युअल त्यात येतं. आधारनं ओळख पटवलीत तर ताराबाई पार्कातल्या आरटीओ कार्यालयात जायची वेळ बहुधा येत नाही. आधारशिवाय केलंत तर स्लॉट घेऊन फोटो-सहीसाठी जावं लागतं.

मग चाळिशीच्या आतला माणूस परदेशात बसून हे करू शकेल का? नियमात बसतं, पण वाटेत दोन खड्डे आहेत. पहिला म्हणजे सरकारी संकेतस्थळं परदेशातून बरेचदा उघडत नाहीत. दुसरा मोठा आहे. आधारचा ओटीपी भारतातल्या मोबाईल नंबरवर येतो आणि परदेशी गेलेल्या माणसाचं जुनं सिम रिचार्ज न केल्यानं बंद पडलेलं असतं. नंबर कंपनीकडं गेला, दुसऱ्या कुणाला मिळाला, आणि आधारला अजून तोच जोडलेला. तो बदलायला बहुतेक वेळा आधार केंद्रावर स्वतः जावं लागतं, म्हणजे पुन्हा भारतात येणं आलं. म्हणून परदेशी निघणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, सिम चालू ठेवा. थोड्या पैशांत ते जिवंत राहतं आणि लायसन्सच कशाला, बँक, आयकर, सगळं त्याच्यावर अडतं. तुमचंही सिम बंद असेल तर डिसेंबरात उतरल्या उतरल्या पहिलं काम आधार केंद्राचं करा. आधारवरचा पत्ताही तेव्हाच बघून घ्या. जुन्या भाड्याच्या घराचा असेल तर कार्ड तिकडं जाईल.

येण्याआधी घरबसल्या करायचं एक काम आहे आणि त्यात वडिलांची खरी मदत होईल. तुमच्या लायसन्सची नोंद सारथीवर आहे का ते आत्ताच तपासा. वीस वर्षांपूर्वीची लायसन्सं, विशेषतः हातानं लिहिलेली पुस्तकं, कित्येकदा संगणकावर चढलेलीच नसतात. नंबर टाकला की "माहिती उपलब्ध नाही" येतं. मग ज्या कार्यालयानं लायसन्स दिलं तिथल्या जुन्या रजिस्टरवरून बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते, आणि ती झाल्याशिवाय रिन्युअलचा अर्ज पुढं सरकत नाही. तीन आठवड्यांच्या सुट्टीत हे कळलं तर निम्मी सुट्टी यातच जाते. वडिलांनी लायसन्सची स्पष्ट प्रत आणि तुमचं साधं अधिकारपत्र घेऊन जावं, नोंद आहे का, नसेल तर काय लागेल, एवढी चौकशी करावी. नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख पासपोर्टशी जुळते का हेही पाहावं. आपल्याकडं लायसन्सवर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर नाही, किंवा आडनाव आधी, असले घोळ फार. इथं कुणी त्यावर अडवत नाही, पण परदेशातलं कार्यालय एका अक्षरावर अर्ज परत करतं.

वर्षाचा पट्टाही उलटून गेलेल्यांसाठी. संपून एक वर्षाच्या वर झालं असेल तर कायद्यानं पुन्हा चाचणी द्यावी लागते. काहीजण विचारतात, मग जुनं सोडून नवीनच काढलं तर? तसं करू नका. एका माणसाला एकच लायसन्स ठेवता येतं, आणि जुनी नोंद सारथीवर असली की नवा अर्ज तिथंच अडकतो. शिवाय जुनं लायसन्स टिकवलं की पहिल्यांदा मिळाल्याची तारीख टिकते. परदेशात "किती वर्षांचा अनुभव" हा प्रश्न आला की तीच तारीख उपयोगी पडते. कॅनडात ओंटारिओसारख्या प्रांतात जुन्या अनुभवाचा अधिकृत दाखला दाखवला तर परीक्षेच्या टप्प्यांमध्ये सूट मिळते. त्यासाठी सारथीवरून लायसन्सचा एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे नोंदीचा उतारा, काढून न्यावा, म्हणजे तिथं पुढची पडताळणी करून घेणं सोपं जातं.

चाचणीच्या ट्रॅकवर परदेशातून आलेली माणसं अडखळतात, ती चालवता येत नाही म्हणून नव्हे. इतकी वर्षं उजव्या बाजूनं चालवलेलं असतं, हात-डोळे तसेच वळतात. वळायच्या आधी इंडिकेटर द्यायला जातात आणि कोरड्या काचेवर वायपर करकरायला लागतो, कारण आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजवीकडं आणि युरोपातल्या गाडीत डावीकडं. तो आवाज ऐकून माणूस गोंधळतो, खाली बघतो, तेवढ्यात गाडी बंद पडते. ऑटोमॅटिक चालवून आलेला तर डावा पाय क्लचवर आहे हेच विसरतो. निरीक्षक समोर उभे असतात आणि पंधरा वर्षं चालवणारा माणूस घामेघूम होतो. म्हणून चाचणी असेल त्यांनी आल्याबरोबर दोन-चार दिवस सकाळी लवकर, रस्ते मोकळे असताना, शिकवणीच्या गाडीत शेजारी प्रशिक्षक घेऊन हात बसवावा. तुमच्यासारखं चाचणी नसणाऱ्यांनीही असं केलं तर चांगलंच आहे. मुंबई-पुण्याला उतरून थेट महामार्गावर स्टेअरिंग हातात घेणं मला पटत नाही, आधी गावात थोडं फिरवावं. चाचणीला जी गाडी न्याल तिचा विमा आणि पीयूसी चालू आहे का तेही आदल्या दिवशी बघा. दुचाकी आणि चारचाकी दोन्ही लायसन्सवर असतील तर दोन्हींची चाचणी होते.

वकिलातीबद्दल जो समज आहे त्याला एक कारण आहे. जानेवारी २०२१ मध्ये केंद्रानं नियम बदलून परदेशातल्या भारतीय नागरिकांना इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट संपलं तर वकिलातीमार्फत पुन्हा काढायची सोय दिली. अर्ज तिथून इथल्या आरटीओकडं येतो आणि परमिट परदेशातल्या पत्त्यावर पाठवलं जातं. त्या बातमीचं ऐकून ऐकून "वकिलातीत लायसन्स रिन्यू होतं" असं झालं. सोय परमिटची आहे, लायसन्सची नाही. परमिट एका वर्षाचं असतं आणि मूळ लायसन्सच्या तारखेपलीकडं जात नाही. तुमचं लायसन्स मार्चमध्ये संपतंय, म्हणजे आज परमिट काढलं तरी ते मार्चपर्यंतच. श्टुटगार्टवाल्यांना म्युनिकचं वकिलाती कार्यालय लागतं. तिथं अधिकारपत्र, साक्षांकन अशी कामं होतील, त्यापलीकडं या कामासाठी खेटे घालू नका.

इतर देशांतल्या मंडळींसाठी थोडक्यात. इंग्लंडमध्ये राहायला गेल्यापासून १२ महिने भारतीय लायसन्सवर चालवता येतं, नंतर तिथलं प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स, काढून दोन्ही परीक्षा. दुबई-अबुधाबीला रेसिडेन्स व्हिसा लागला की आपलं लायसन्स तिथं चालत नाही, भेटीला आलेल्यांची गोष्ट वेगळी. तिथलं लायसन्स रिन्यू करताना डोळ्यांची तपासणी आणि आधीचे दंड भरलेले असणं, या दोन गोष्टींवर माणसं अडकतात. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं वेगळं. कॅलिफोर्नियात रहिवासी झाल्यावर दहा दिवसांत तिथलं लायसन्स काढावं लागतं. व्हिसावर असणाऱ्यांच्या लायसन्सची मुदत राहण्याच्या परवानगीला जोडलेली असते. एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, वाढवण्याचा अर्ज रेंगाळला की लायसन्सही संपतं, आणि रिन्यू करायला गेलं तर व्हिसाची पडताळणी केंद्राच्या यंत्रणेतून व्हायची वाट बघावी लागते. गाडीशिवाय जिथं दूधही आणता येत नाही तिथं हे फार जड जातं. म्हणून मुदतवाढीचा कागद हाती आला की त्याच आठवड्यात तिथल्या कार्यालयात जा. जर्मनीत मात्र एकदा लायसन्स मिळालं की मोठी चिंता नाही, कार्ड १५ वर्षांचं असतं आणि साध्या गाडीसाठी नंतर फक्त कार्ड बदलून घ्यायचं.

आखातात ट्रक-ट्रेलरवर असलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या ड्रायव्हरांनी जास्त जागं राहायला हवं. ट्रान्सपोर्टचं लायसन्स पाच वर्षांचंच असतं, घातक माल वाहण्याची नोंद असेल तर तीन वर्षांचं. वैद्यकीय प्रमाणपत्र कोणत्याही वयात लागतं. करार दोन-दोन वर्षांचे, मधली सुट्टी तुटपुंजी, त्यामुळं यांचा वर्षाचा पट्टा सहज निसटतो आणि परत आल्यावर जड वाहनाची चाचणी नव्यानं द्यायची वेळ येते. पोटाचा प्रश्न आहे, सुट्टीची तारीख ठरवतानाच लायसन्सची तारीख शेजारी ठेवून बघा.

ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतलं त्यांची वाट थोडी निराळी. भारतीय पासपोर्ट परत केलेला असतो, हातात ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) असतं. अशांनी ऑनलाइनच्या भरवशावर न राहता ओसीआय कार्ड, परदेशी पासपोर्ट, इथल्या पत्त्याचा पुरावा आणि जुनं लायसन्स घेऊन कार्यालयात प्रत्यक्ष भेटावं आणि कोणते कागद धरतील ते आधी विचारून घ्यावं. नागरिकत्व बदललेलं लपवू नये. वर्षातून दोन-तीन आठवड्यांपुरतं यायचं असेल तर मी त्यांना वेगळंच सुचवतो. राहत्या देशाच्या लायसन्सवर तिथूनच इंटरनॅशनल परमिट काढून या. भारत रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा कराराचा सदस्य आहे, म्हणून इंग्लंडमध्ये परमिट काढताना १९४९ चं मागा, तिथं दुसऱ्या कराराचंही मिळतं आणि लोक चुकीचं घेऊन येतात. अमेरिकेतलं १९४९ चंच असतं.

आता तुमच्या फेरीचं गणित. राज्य सरकारच्या कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, शनिवार-रविवार धरू नका. दिवाळीत येणारे नेमके बंद कार्यालयांच्या आठवड्यात येतात, त्या मानानं डिसेंबर सोयीचा, नाताळची एक सुट्टी सोडली तर कामाचे दिवस भरपूर मिळतात. उतरल्यावर पहिल्या दोन दिवसांत आधार आणि मोबाईल. लगेच डॉक्टर. मेडिकल देणारे एमबीबीएस डॉक्टर सारथीवर नोंदलेले आहेत का ते आधी विचारा, नाहीतर तपासणी होऊनही प्रमाणपत्र पोर्टलवर चढत नाही. त्याच आठवड्यात अर्ज आणि फी. मंजुरी झाली की लायसन्स डिजिलॉकरवर दिसतं आणि भारतात पोलिसांना तेवढं दाखवलं तरी चालतं. जर्मनीतलं कार्यालय मात्र फोनवरचं काही बघणार नाही, त्यांना कार्डच लागतं.

ते कार्ड स्पीड पोस्टनं येतं आणि तुम्ही परत गेल्यावर येण्याचीही शक्यता आहे. घर बंद दिसलं, अपार्टमेंटच्या पाटीवर नाव सापडलं नाही, की पाकीट परत जातं आणि मग ते सोडवायला आरटीओत हेलपाटे. पोर्टलवरून स्पीड पोस्टचा नंबर मिळाला की वडिलांना कळवा, वॉचमनला सांगून ठेवा, आणि पोस्टमनकडं घरचा चालू मोबाईल नंबर पोचेल असं बघा. कार्ड आलं की वडिलांनी आधी दोन्ही बाजूंचा फोटो तुम्हाला पाठवावा. नाव, जन्मतारीख, पहिल्यांदा दिल्याची तारीख आणि दुचाकी-चारचाकी दोन्ही वर्ग बरोबर आहेत का ते तुम्ही वाचून बघा. चूक असेल तर लगेच कळवा, कारण तेच कार्ड पुढं श्टुटगार्टच्या टेबलावर जाणार आहे. मगच ते माग काढता येईल अशा टपालानं किंवा येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवायला सांगा.